बाहुलीची साक्ष

डोळ्याच्या मध्यभागी जो काळा ठिपका असतो त्याला आपण मराठीत 'बाहुली' म्हणतो. हे नाव प्रथम ज्याने ठेवले तो मनुष्य कुणाच्या तरी अगदी जवळ जाऊन, डोळ्यांत डोळे घालून पाहणारा असला पाहिजे. कारण तितक्या जवळून पाहिल्याखेरीज समोरच्याच्या डोळ्यात आपलीच चिमुकली प्रतिमा उमटलेली दिसत नाही. संस्कृतात या ठिपक्याला 'कनीनिका' म्हणतात, म्हणजे लहानशी मुलगी. लॅटिन भाषेतल्या 'प्यूपिला' या शब्दाचा अर्थही तोच, आणि ग्रीकांचा 'कोरे' हा शब्दही कुमारिकेचाच. इतक्या दूरदूरच्या लोकांना डोळ्यात एकच गोष्ट दिसावी ही मोठी नवलाची गोष्ट खरी. त्याहून मोठे नवल असे की, जिच्याविषयी एवढे कौतुक, ती बाहुली म्हणजे वस्तुतः काहीच नाही. ते नुसते एक भोक आहे. घराच्या भिंतीत झरोका असतो तसा डोळ्याच्या रंगीत पडद्यात ठेवलेला तो झरोका आहे, आणि आत अंधार असल्यामुळे तो काळा दिसतो.

हा झरोका लहानमोठा होतो हे सर्वांस ठाऊक आहे. मांजराच्या डोळ्यांत तर ते मुले रोज पाहतात. माणसाच्या डोळ्यात भर उजेडात या भोकाचा व्यास सुमारे दोन मिलिमीटर असतो. काळोखात, तरुण वयात, तो सात-आठ मिलिमीटरपर्यंत जातो. व्यास चौपट झाला की क्षेत्रफळ सोळापट होते, म्हणजे आत येणारा उजेडही सोळापट. वय वाढते तसे काळोखातले हे उमलणे कमी होते. घरातल्या वडीलधाऱ्यांना तिन्हीसांजेला 'दिवा लावा, काही दिसत नाही' असे मुलांच्या आधी म्हणावे लागते त्याचे एक कारण हेच. हे सारे काम दोन स्नायू करतात. एक बटव्याच्या नाडीसारखा भोवती गुंडाळलेला असतो, तो आवळला की बाहुली लहान होते. दुसरा चाकाच्या आऱ्यांसारखा बाहेर ओढणारा असतो, तो ताणला की ती मोठी होते. या दोहोंपैकी एकावरही आपली हुकमत चालत नाही. हात वर कर म्हटले तर हात वर होतो. बाहुली मोठी कर म्हटले तर ती ऐकत नाही.

परंतु ती दुसऱ्या कुणाचे तरी ऐकते. बाहेर ओढणाऱ्या स्नायूला ज्या मज्जातंतूंकडून आज्ञा येते ते छाती धडधडवणाऱ्या, तळहाताला घाम आणणाऱ्या त्याच परिवारातले आहेत. म्हणून उजेड तेवढाच असताना मन हलले की बाहुलीही हलते. शिकागो विद्यापीठातले एकहार्ड हेस नावाचे मानसशास्त्रज्ञ एका रात्री अंथरुणावर पडून प्राण्यांच्या सुंदर छायाचित्रांचे पुस्तक चाळीत होते. त्यांची पत्नी म्हणाली, उजेड कमी असावा, तुमच्या बाहुल्या फार मोठ्या दिसताहेत. उजेड तर पुरेसा होता. हेस विचारात पडले, आणि जेम्स पोल्ट या सहकाऱ्याबरोबर त्यांनी प्रयोग आरंभले. १९६० साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ज्या चित्रात माणसाला गोडी वाटते त्या चित्रापुढे त्याची बाहुली मोठी होते. तान्ह्या बाळाचे किंवा बाळाला घेतलेल्या आईचे चित्र पाहताना स्त्रियांच्या बाहुल्या विशेष उमलल्या. पुढे १९६४ साली त्यांनी दाखविले की मनातल्या मनात गुणाकार करतानाही बाहुली वाढत जाते आणि उत्तर सापडले की पूर्ववत होते. १९६६ मध्ये डॅनिएल काहनेमन आणि जॅक्सन बीटी यांना असे आढळले की आकड्यांची माळ लक्षात ठेवायला सांगितली तर एकेका आकड्यासरशी बाहुली थोडी थोडी मोठी होते, आणि आकडे म्हणून दाखविताना तितक्याच क्रमाने लहान होते. जणू मनावर ठेवलेले ओझे ती एकेक करून मोजीत असते.

एवढे वाचून कुणाला वाटेल की, मग काय, माणसाचे अंतःकरण आरशासारखे उघडे पडले! येथे थोडे थांबले पाहिजे. हेस यांचे असेही म्हणणे होते की नावडते दृश्य पाहताना बाहुली आक्रसते. पण पुढच्या संशोधकांना ते खरे ठरविता आले नाही. भीतीने बाहुली मोठी होते, किळसेने होते, प्रेमाने होते, आणि सतरा गुणिले तेवीस म्हटल्यानेही होते. ती सांगते एवढेच की आत काहीतरी हलले आहे. काय हलले, कशासाठी हलले, हे ती सांगत नाही. कोर्टातल्या भाषेत बोलायचे तर ही साक्षीदार प्रामाणिक आहे, पण मुकी आहे. शिवाय या मनोव्यापाराने होणारी वाढ फारशी नसते. साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेरची. उजेडाच्या हुकमापुढे मनाचा हुकूम दुबळाच.

आता खरा प्रश्न. मन हलल्याने डोळ्याचा झरोका हलतो, हे झाले. पण झरोका हलल्याने, किंवा मन हलल्याने, पुढचे दृश्यही बदलते काय? इच्छा माणसाला वेगळे दाखवते काय?

नांदेडहून अर्धापूरवरून येणारा रस्ता जिथे दुभंगतो, एक फाटा आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीकडे जातो आणि दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरची वाट धरतो, त्या ठिकाणचे नाव वारंगा फाटा. या फाट्याची खिचडी साऱ्या मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. आता कल्पना करा की गाडी थांबली आहे, आणि एकाच बाकावर दोन उतारू शेजारी शेजारी बसले आहेत. एकजण पहाटेपासून उपाशी, दुसरा तासापूर्वीच घरून भरपेट जेवून निघालेला. दोघांपुढून त्याच पातेल्यातली, हळदीने पिवळीधमक झालेली खिचडीची ताटे जातात. दोघांच्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश एकाच सूर्याचा. दोघांनी पाहिलेली वस्तू एकच काय?

आपल्या म्हणी या बाबतीत कधीच निकाल देऊन बसल्या आहेत. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असे आपण म्हणतो. म्हणजे गरज ही वस्तूची प्रत बदलते. हेस-पोल्टनाही असे आढळले होते की अन्नाची चित्रे दाखविली असता उपाशी माणसांच्या बाहुल्या जेवलेल्यांपेक्षा अधिक वाढतात. तेव्हा पहिल्या उतारूच्या डोळ्यांत थोडा जास्त उजेड शिरत असेल. पण येथे निसर्गाने एक देवघेव ठेवली आहे. कॅमेरा वापरणाऱ्यास ती ठाऊक असते. भोक मोठे केले की उजेड वाढतो, अंधुक वस्तू सापडते. परंतु रेखीवपणा कमी होतो आणि पुढचे-मागचे एकदम स्पष्ट दिसेनासे होते. भोक लहान असले की उजेड कमी, पण रेषा स्वच्छ. कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून पाहिले तर चष्मा विसरलेल्या आजोबांनाही अक्षर बरेच लागते, ते याच कारणाने. म्हणजे आतुर डोळ्याला हवी ती वस्तू हुडकायला मदत होते, आणि सापडलेल्या वस्तूचा बारकावा पारखायला किंचित अडचण होते. बाहुलीतला बदल इतका सूक्ष्म आहे की यावरून मोठे तत्त्वज्ञान उभारणे शहाणपणाचे नाही. पण इच्छेचा स्वभाव ज्याने आयुष्यात पाहिला आहे त्याला ही देवघेव अनोळखी वाटणार नाही.

बाहुली बाजूला ठेवून मनाकडे वळू. १९४७ साली हार्वर्डचे जेरोम ब्रूनर आणि सेसिल गुडमन यांनी दहा वर्षांच्या मुलांपुढे नाणी ठेवली, आणि प्रकाशाचा एक गोल लहानमोठा करून नाण्याएवढा करायला सांगितले. मुलांनी नाण्यांचे गोल त्याच मापाच्या पुठ्ठ्याच्या चकत्यांपेक्षा मोठे केले. आणि गरीब घरच्या मुलांनी ते श्रीमंत घरच्या मुलांपेक्षा अधिक मोठे केले. हा प्रयोग जगभर गाजला. दोनच वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी तो करून पाहिला तेव्हा नाणे समोर असताना असा फरक स्पष्ट मिळाला नाही. नाण्याचा आकार आठवणीवरून सांगताना मात्र तो दिसला. २००६ साली एमिली बाल्सेटिस आणि डेव्हिड डनिंग यांनी इंग्रजीतले 'बी' हे अक्षर किंवा तेराचा आकडा यांपैकी काहीही वाचता येईल अशी आकृती क्षणभर दाखविली. अक्षर दिसले तर संत्र्याचा रस, आकडा दिसला तर एक बुळबुळीत काढा, किंवा याच्या उलट, असे आधी सांगून ठेवलेले. ज्याला जे दिसणे सोयीचे होते, बहुधा तेच त्याला दिसले. यावर २०१६ साली चॅझ फायरस्टोन आणि ब्रायन शोल यांनी कठोर उलटतपासणी घेतली. त्यांचे म्हणणे असे की अशा बहुतेक प्रयोगांत बदलते ती दृष्टी नव्हे. बदलतो तो निवाडा, आठवण, किंवा लक्ष कुठे दिले ते. दुसऱ्या बाजूला, २०२२ साली 'नेचर'मध्ये उंदरांवरचे एक काम प्रसिद्ध झाले. उंदीर धावपळीला लागला, त्याच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, की त्याच्या मेंदूतल्या दृष्टिपेशी हिरव्या प्रकाशाकडून अतिनील प्रकाशाकडे झुकतात. आणि नुसते औषध घालून बाहुली मोठी केली तरीही तसेच होते. आभाळातून झडप घालणारा शत्रू ओळखायला याचा उपयोग होत असावा असा तर्क आहे. म्हणजे निदान एका जीवाच्या बाबतीत, मनाची अवस्था बाहुलीच्या दारातून शिरून दृष्टीपर्यंत पोहोचते.

वाद मिटलेला नाही, आणि तो येथे मिटवण्याची गरजही नाही. इच्छा डोळ्यात शिरत असो की डोळ्यामागच्या निवाड्यात, पाहणारा जेव्हा म्हणतो की 'मला तसेच दिसले', तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो. आणि येथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. जर आपल्या गरजा, आवडी, भीती आपल्या पाहण्यावर हात ठेवीत असतील, आणि तेही आपल्याला न विचारता, तर आपण जे पाहिले त्याला आपण जबाबदार आहोत काय?

वारंगा फाट्याचाच मुलूख उदाहरणाला घेऊ. १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा हा हळदीचा मुलूख आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बाजारात आलेले हळकुंड घेणारा हातात घेतो, मोडतो, आणि आतला रंग पाहतो. येथे डोळा हाच काटा. विकणाऱ्याच्या घरी मुलीचे लग्न आहे, सोसायटीचे देणे आहे, पावसाळा तोंडावर आहे. त्याला पुकारलेला पहिला आकडा मोठा दिसतो, ब्रूनरच्या गरीब मुलाला नाणे मोठे दिसले तसा. घेणाऱ्याला घाई नाही, त्यामुळे त्याला मालातला प्रत्येक डाग दिसतो. दोघेही आपापल्या परीने खरे पाहत आहेत, आणि सौदा मात्र एकाच्या अंगाशी येतो. 'अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे' या म्हणीत आपण उतावळ्याला हसतो. पण ज्याच्या घरात हळकुंडच अर्धे आहे त्याने त्यावर पिवळे व्हावे की नाही, हा प्रश्न म्हण करणाराने विचारलेला दिसत नाही.

त्या गरीब मुलांविषयी एक विचार मला नेहमी अस्वस्थ करतो. संशोधकाच्या पट्टीने त्यांनी चूक केली; नाण्याचा व्यास होता त्याहून मोठा सांगितला. परंतु त्या नाण्याने त्यांच्या आयुष्यात जी जागा भरली असती ती श्रीमंत मुलाच्या आयुष्यात भरण्यासारखी नव्हती. मिलिमीटरच्या हिशेबात श्रीमंत मूल बरोबर. पैशाचे मोल कोणाला अधिक खरे कळले, या हिशेबात निकाल इतका सोपा नाही. म्हणून इच्छा दृष्टीला फसवते असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. पुष्कळदा ती आपल्याला वस्तूचे असे एक अंग दाखवते जे तृप्त माणसाला कधी दिसतच नाही. आईला झोपेत बाळाची चुळबुळ कळते, शेतकऱ्याला आभाळाच्या कोपऱ्यातला ढग दिसतो. हे काही भ्रम नव्हेत. जिव्हाळ्यावाचून पाहणे म्हणजे शुद्ध पाहणे असे जे समजतात त्यांनी पुष्कळ गोष्टी पाहिल्याच नाहीत असे होण्याचा संभव असतो.

तथापि यावरून 'मला तसे दिसले' ही सबब मान्य करावी असे ठरत नाही. पहिल्या नजरेचा आपण जाब देऊ शकत नाही हे कबूल. बाहुली आपली नोकर नाही. पण दुसऱ्यांदा पाहायचे की नाही, कोणाला शेजारी बोलवायचे, निकाल आज द्यायचा की उद्या, हे तर आपल्या हातात आहे. कुणी म्हणेल, दुसऱ्यांदा पाहणारा डोळाही तोच, त्याची ओढही तीच. आक्षेप रास्त आहे. आणि माणसाने त्याचे उत्तर फार पूर्वी शोधून ठेवले आहे. त्याने तराजू केला, कारण हाताच्या अंदाजावर त्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता. त्याने पंच बसवले. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक घातला. रुमालाखाली बोटे दाबून होणारे हत्ता पद्धतीचे सौदे बंद करून चारचौघांत उघड लिलाव मागितला. या साऱ्या युक्त्यांमागे एकच नम्र कबुली आहे: माझा डोळा पक्षपाती आहे, म्हणून त्याच्याजवळ कुणी तरी उभे राहा. आपल्या डोळ्याची ही कबुली जो देत नाही, त्याच्या प्रामाणिकपणाला मी अर्धीच किंमत देईन. त्याने पाहिले ते मनापासून असेल, पण पडताळले नाही ते मात्र आळसाने किंवा सोयीने.

याच जिल्ह्यात नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि औंढा नागनाथाच्या देवळाशी त्यांची एक कथा परंपरेने जोडलेली आहे. नामदेव गुरूच्या शोधात देवळात आले तो विसोबा खेचर शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेवांना राग आला. विसोबा म्हणाले, मी म्हातारा, माझे पाय उचलून जिथे देव नसेल तिथे ठेव. नामदेव पाय उचलीत गेले, आणि जिथे ठेवावेत तिथे पिंडी दिसू लागली. या कथेचा अध्यात्मिक अर्थ सर्वांना ठाऊक आहे. आपल्या विषयापुरते मला तिच्यातले वेगळेच काही भावते. नामदेवांच्या पहिल्या नजरेला जो अपमान दिसला तो द्वेषामुळे नव्हे, तर भक्तीमुळे दिसला. चांगली ओढदेखील दृष्टीचा एक कोपरा झाकते. आणि त्यांना जे नवे दिसले ते डोळे मिटून बसल्याने नव्हे. त्यांनी वाकून, स्वतःच्या हातांनी ते पाय उचलले आणि प्रत्येक जागी पुन्हा पाहिले, तेव्हा दिसले.

उरला प्रश्न दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहण्याचा. हेस यांनी चीनमधल्या जेड या मौल्यवान खड्याच्या व्यापाऱ्यांची गोष्ट सांगितली आहे: गिऱ्हाइकाच्या बाहुल्या कोणत्या खड्यापुढे मोठ्या होतात ते पाहून ते भाव सांगत. हेस यांच्या हयातीतच जाहिरातवाल्यांनी ही विद्या उचलली. आता डोळ्यांच्या हालचाली आणि बाहुल्या टिपणारी यंत्रे आहेत, आणि आपल्याला काय हवे आहे हे आपल्या तोंडातून निघण्यापूर्वी समजावे अशी विकणाऱ्यांची धडपड आहे. दुसऱ्याची गरज ओळखणे यात वाईट काही नाही. आई मुलाची भूक डोळ्यांतच ओळखते. फाट्यावरचा खिचडीवाला उपाशी उतारू लांबून ओळखतो आणि त्याचे ताट आधी लावतो. तोच जर उपाशी डोळे पाहून भाव वाढवू लागला, तर त्याची नजर तितकीच तीक्ष्ण असूनही आपण तिला दुसरे नाव देऊ. तेव्हा दोष दृष्टीचा नव्हे, तिच्यामागच्या हेतूचा. आणि त्या हेतूला बाहुलीसारखे 'मी काय करू, माझे आपोआप होते' असे म्हणण्याची सोय नाही.

पूर्वी दुसऱ्याची बाहुली पाहायची तर जवळ जावे लागे, आणि जवळ गेले की तिच्यात स्वतःचे रूप दिसे. पाहणाऱ्याला थोडी लाज वाटण्याची ती सोय होती. यंत्राचेही रूप त्या डोळ्यात उमटत असेल. पण त्याला लाजायचे कारण नाही. ते काम यंत्र लावणाऱ्यानेच केले पाहिजे.

दिवाळीचे दिवस आहेत. घरात फुलबाज्या लागतील, आणि मुलांच्या बाहुल्यांची मोठी ओढाताण होईल. उजेड म्हणेल लहान हो, आनंद म्हणेल मोठी हो. कुणी चिमुरडी ओरडून सांगेल की तिची फुलबाजी साऱ्या वाड्यात मोठी होती. त्या वेळी पट्टी घेऊन मापायला जाऊ नये. पण सणाच्या खरेदीला निघालेल्या आपण मोठ्या माणसांनी, समोर पणत्या विकायला बसलेल्या बाईच्या डोळ्यांत तिन्हीसांजेची घाई दिसली, तर ती पाहून भाव पाडायचा की ती पाहून भाव न पाडता घ्यायचे, एवढे मात्र ठरवून निघावे. तिची घाई दिसणे आपल्या हाती नाही. पुढचे सारे आहे.